खिडक्यांचं मॅन्युअल

भिलाईत, रिसालीला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला भाडं सांगितलं नाही, नोकरी विचारली नाही, लग्न कधी करणार हेसुद्धा विचारलं नाही. त्यांनी बाहेर येऊन फाटक लावून घेतलं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे वाच, अन् गेट उघड." मग ते माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

कागदावर तीनच ओळी होत्या. फाटकाचा पल्ला थोडा वर उचला. कडी डावीकडे सरकवा. पल्ला सोडा. आता फाटक उघडायला कुणी कागद वाचतं का? मी सरळ ओढलं. ते अडलं. आणखी जोर लावून ओढलं, तर वरून गंजाचा भुगा माझ्या ओढणीवर पडला. मागून चकार शब्द नाही. शेवटी झक मारत कागदाप्रमाणे केलं आणि फाटक लोण्यासारखं उघडलं. त्यांनी कागद परत घेतला, खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या ओळीच्या वर लिहिलं : आधी ओढू नका.

"तू ओढलं," ते म्हणाले, "म्हंजे सगळेच ओढत असतीन. चुकी माझी आहे."

खोली मला मिळाली. त्यांच्या कागदातली एक चूक मी दाखवून दिली होती, आणि भाडेकरूकडून त्यांची याहून जास्त अपेक्षा नव्हती.

गल्लीत सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. मूळचे नागपूरकडचे, वडील रेल्वेत होते म्हणून दुर्गच्या लाइनवर आलेले. तशी आमचीही कथा तीच, फक्त माझे वडील दुर्गातच राहिले आणि हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, लागले. सगळी नोकरी प्लांटच्या टाउनशिपमधल्या सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर रिसालीत हे घर बांधलं. नोकरीत त्यांनी एकच काम केलं. मिलमध्ये यंत्रांजवळ जे कागद टांगलेले असतात, आधी हे बटण, मग तो पंप, मग हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा, ते कागद लिहिणं. भिलाईत पोलाद बनवणारा माणूस दर घरात सापडतो. ते कसं बनवायचं हे लिहून ठेवणारा मला हा एवढाच भेटला.

त्यांच्या सेक्शनमध्ये एक रीत होती. ती त्यांनीच पाडली असावी असा माझा संशय आहे. कागद लिहून झाला की यंत्र बंद ठेवून तो कागद अशा माणसाच्या हातात द्यायचा, ज्याने ते यंत्र कधी चालवलेलं नाही. त्याने वाचत जायचं आणि करत जायचं. लिहिणाऱ्याने त्याच्या मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. "अरे, ते नाही, ते" एवढं जरी तोंडून निघालं, तरी कागद नापास. मी एकदा विचारलं, इतका कडकपणा कशासाठी? तर म्हणाले, "कागद टांगून आपण घरी येतो पोरी. नाइट शिफ्टले आपण थोडी राहतो तिथं सांगायले?"

निवृत्त झाले तरी रीत सुटली नाही. गीझरला कागद होता, कूलरला होता, इन्व्हर्टरला दोन होते, एक लाइट गेल्यावर वाचायचा आणि एक आल्यावर. लाइट गेल्यावरचा कागद अंधारात वाचणार कसा, हे मी विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं आता या महिन्याचं भाडं माफ होतंय. तसं काही झालं नाही. कागदाशेजारी खिळ्याला एक टॉर्च आली, आणि टॉर्च कशी लावायची याचा तिसरा कागद आला.

काही शब्दांवर त्यांचा दात होता. "नेहमीप्रमाणे", "गरजेनुसार", "व्यवस्थित", आणि सगळ्यात जास्त "योग्य". योग्य ते बटण दाबा असं कुठे लिहिलेलं दिसलं की ते दिवसभर पुटपुटत राहायचे. "योग्य कोणतं ते ज्याले मालूम आहे, तो कागद कावून वाचीन?" बोलतानाही त्यांना हे शब्द खपत नसत. मी ऑफिसातून आल्यावर "आज दिवस ठीक गेला" म्हणाले, की "ठीक म्हंजे काय झालं?" हे ठरलेलं. मी उद्योगनगरीतल्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात होते, दिवसभर बिलं आणि चलनं कॉम्प्युटरवर चढवायची. त्या दिवसात ठीक म्हणण्यासारखं जेवढं होतं तेवढं मी सांगितलं होतं. पण त्यांना पायऱ्या पाहिजे असायच्या.

मला ते आवडायचे असं मी म्हणणार नाही. राग यायचा. माणसाने इतकं नेमकं असू नये, आजूबाजूच्यांचा श्वास कोंडतो. पण पगार उशिरा झाला, ताप आला, स्कूटर बंद पडली, काहीही झालं की मी खाली त्यांच्याकडेच जायची, हेही खरं आहे.

काकूंनी स्वतःपुरती हद्द आखून घेतली होती. स्वयंपाकघरात कागद चालणार नाही. काकाजींनी एकदा कुकरला कागद लावून पाहिला, तर काकूंनी त्याची पुरचुंडी करून त्यात मेथीदाणे ठेवले. काकू टाउनशिपच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. शाळेत मुलं कमी होत गेली, वर्ग जोडले गेले, आणि काकू निवृत्त झाल्यावर काही दिवसांनी शाळाच बंद झाली. इथली आमची मुलं घराबाहेर पडली की हिंदी बोलतात आणि घरातही अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात. ती मुलं मोठी होऊन पुण्याला, हैदराबादला, आणखी लांब कुठे गेली, आणि त्यांच्या मुलांना तर तेही येईना. मग काकूंच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांना गळ घातली, की बाई, आमच्या पोरांना कॉम्प्युटरवरून वाचायला शिकवा. रविवारी संध्याकाळी काकूंचा वर्ग भरायला लागला. पडद्यावर एका बाजूला मुलांचे चेहरे, दुसऱ्या बाजूला धडा.

आणि त्याच सुमाराला त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

माऊस धरला की बाण पडद्यावर नाचायचा. एका रविवारी धडा पुढे सरकवायला गेल्या आणि भलत्याच ठिकाणी टिचकी पडून सगळा वर्ग बंद झाला, मुलं गायब. काकाजी पुढे होऊन माऊस धरायला लागले, तर काकू म्हणाल्या, "तुम्ही बसा तिकडं. मी वर्गात आहे. वर्गात नवरा नाही चालत." त्यांनी माऊस उचलून खणात टाकला. पुढचे दोन रविवार वर्ग झाला नाही. काकू म्हणाल्या, डोकं दुखतंय. त्या घरात डोकेदुखीवर विश्वास ठेवणारं कुणी नव्हतं.

काकाजींनी शोधायला सुरुवात केली आणि त्यांना एक विंडो मॅनेजर सापडला. पडद्यावर कुठली खिडकी कुठे बसेल, किती मोठी असेल, कुठली पुढे राहील, हे ठरवणारा एक प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये असतो. आपलं त्याच्याकडे कधी लक्ष जात नाही. काकाजींना सापडलेला हा निराळा होता. त्यात माऊसचं काम नव्हतं. सगळं कळा दाबून किंवा आज्ञा लिहून करायचं. ही खिडकी डावीकडे, ती उजवीकडे, ही मोठी, ती बंद. शिवाय चार आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवल्या, की पुढे एकाच कळेवर चारही पार पडायच्या. त्या लिहिण्याला स्क्रिप्ट म्हणतात. देशोदेशीच्या काही हौशी मंडळींनी मिळून तो प्रोग्राम बनवला होता आणि फुकट वाटला होता. काकाजी त्याला विंडो मॅनेजर म्हणत नसत. "खिडक्यांचा फोरमन" म्हणायचे. काकूंचं बोट कळेवर एकदा टेकताना दोनदा टेकायचं, तर ते दुसरं टेकणं कॉम्प्युटरने ऐकू नये, अशीही त्यांनी सोय केली. एक कळ दाबली की मुलं डावीकडे, धडा उजवीकडे. काकूंची डोकेदुखी थांबली.

इथवर सगळं छान होतं. मग तो कॉम्प्युटर जळाला. उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं आणि आतून वास आला. नवा घेतला तर त्यावर खिडक्यांच्या फोरमनची नवी आवृत्ती आली. त्या मंडळींनी मधल्या काळात निम्म्या आज्ञांची नावं बदलली होती आणि काही काढूनच टाकल्या होत्या. जुनी स्क्रिप्ट चालेना. काकाजींनी मॅन्युअल उघडलं, तर त्यात अजून जुन्याच आज्ञा. वर्ग पुन्हा बंद पडला.

त्यांनी त्या मंडळींना इंग्रजीत पत्र लिहिलं, प्लांटमध्ये लिहायचे तसं, विषय, संदर्भ, महोदय सगळं घालून. दोन ओळींत उत्तर आलं. मॅन्युअल जुनं झालं आहे हे आम्हाला माहीत आहे, कुणाला वेळ नाही, तुम्ही सुधारून दिलंत तर आनंदच आहे. असलं उत्तर आलं तर शहाणा माणूस कपाळाला हात लावेल. काकाजींनी ते नेमणुकीच्या ऑर्डरसारखं दोनदा वाचलं आणि अंघोळ करून कामाला बसले.

याच दिवसांत रायपूरच्या डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. काकाजी त्याला कॅपिटल रिपेअर म्हणायचे. प्लांटमध्ये भट्टी पूर्ण थंड करून आतून नवी बांधतात, त्याचं नाव ते. "भट्टी परत पेटते ना?" काकू विचारायच्या. "बहुतेक वेळा पेटते," ते म्हणायचे. "बहुतेक" हा शब्द ते कधीच वापरत नसत, हे माझ्याइतकंच काकूंच्याही लक्षात आलं होतं. डॉक्टर म्हणत होते लवकर करा. काकाजी म्हणत होते, मॅन्युअल झालं की करतो.

मी चिडले. मला राहवत नाही. म्हटलं, "काकाजी, जगाचं मॅन्युअल तुम्ही कशाला सुधारता? काकूंना लागतं तेवढा एक कागद लिहून द्या आणि मोकळे व्हा."

ते म्हणाले, "उद्या ते लोक अजून बदलवतीन. तवा तिच्या कागदाले कोण पाहीन? मी असलो तर पाहीन. नसलो तर?" मग माझ्याकडे बघून, "मॅन्युअल जगाचं आहे. त्याले कोणी ना कोणी पाहूनच राहीन. ते एकदा सुधरलं, की तिचं कधी काही अडलं तर ती तिथं वाचीन. तिले कोणाले मागावं नाही लागन."

मी वर निघून गेले.

त्या हिवाळ्यात घरात जो येईल तो फोरमनच्या तावडीत सापडायचा. काकाजी एकेक आज्ञा घेत, स्वतः चालवून बघत, तिची पायरी लिहीत, आणि मग दारात येणाऱ्याला खुर्चीवर बसवत. सिलिंडरवाल्यालाही सोडलं नाही. तो म्हणाला, "साहब, गाड़ी खड़ी है बाहर." काकाजी म्हणाले, "बस दो मिनट, भैया. जो लिखा है वही करना है." सिलिंडरवाल्याने कागद वाचून पडदा उभा दोन भागांत चिरला, दोन्हीकडे खिडक्या बसवल्या, आणि म्हणाला, "हो गया. अब इधर साइन कर दीजिए." ते पान पहिल्या फटक्यात पास झालं. काकाजी आठवडाभर त्याचं कौतुक करत होते आणि मला टोमणे.

माझी आई दुर्गाहून मला भेटायला आली, तिलाही बसवलं. मॅन्युअलचं पान एका खिडकीत आणि सरावाची खिडकी शेजारी, अशी मांडणी होती. आई चष्मा लावून एकेक ओळ मोठ्याने वाचत होती. "आता ही खिडकी बंद करा," तिने वाचलं, कळ दाबली, आणि वाचत होती ते पानच बंद झालं. आई पडद्याकडे बघत बसली. काकाजी मागे तोंडावर हात घट्ट धरून उभे होते, खांदे हलत होते. शेवटी आईच म्हणाली, "भाऊ, कागदच गेला. आता मी काय करू?" काकाजींनी तिला हात जोडले. "ही" म्हणजे कुठली खिडकी हे त्यांनी लिहिलंच नव्हतं. आईला अजून वाटतं की तिने त्यांचा कॉम्प्युटर बिघडवला आणि ते सभ्य होते म्हणून बोलले नाहीत.

तिकडच्या मंडळींपैकी एक जण त्यांची पानं तपासायचा. त्याने एकदा त्यांच्या वाक्यात "नुसतं" अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द घातला, नुसतं हे लिहा की काम होतं, अशा थाटाचं. काकाजींनी त्याला कळवलं, की वाचणाऱ्याला जमलं नाही तर हा शब्द त्याला मूर्ख ठरवतो, कृपया काढावा. त्याने काढला. पुढे त्यानेच विचारलं, पानांवर तुमचं नाव कसं टाकू? काकाजींनी नाव टाकू दिलं नाही. मी कारण विचारलं, मला वाटलं नम्रपणा असेल. तर म्हणाले, "नाव पाहून लोक भरोसा करतात. मंग करून पाहत नाहीत."

पण त्याच माणसाने एक दिवस लिहिलं, की तुमचं स्क्रिप्टचं उदाहरण चालत नाही.

हे उदाहरण म्हणजे काकूंचा वर्गच होता. धडा आधीच उघडा आहे. पहिली आज्ञा, मुलांची खिडकी उघडा. दुसरी आज्ञा, पुढे असलेली खिडकी डावीकडे पाठवा. एवढंच. या दोन आज्ञा एका कळेवर बसवल्या की काकूंचं काम झालं, बाकी सगळं तयार होतं. तो माणूस म्हणत होता की असं केलं तर मुलं जागेवर राहतात आणि धडाच डावीकडे जातो.

"मी स्वतः करून पाहिलं," काकाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. ते बसले, पहिली आज्ञा लिहिली, मग दुसरी. मुलांची खिडकी शहाण्यासारखी डावीकडे गेली. "पाह्य. तू कर."

मी केलं. धडा डावीकडे गेला. पुन्हा केलं, पुन्हा धडा. ते बसले, मुलं डावीकडे. मी बसले, धडा. अक्षर न् अक्षर तेच. मला वाटायला लागलं की तो प्रोग्राम माणूस ओळखतो. काकाजींनी माझ्या बोटांकडे, कळांकडे, पडद्याकडे असं आळीपाळीने बघितलं आणि परत स्वतः बसले.

काकू पलंगावर मटार सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही मधात सुपारी कातरता."

"कवा?"

"पहिली आज्ञा झाली की अडकित्ता हातात. सुपारी तोंडात टाकता, मंग दुसरी. रोजच."

काकाजींनी हातातल्या अडकित्त्याकडे बघितलं. तो खरंच हातात होता.

मुलांची खिडकी उघडायला क्षणभर लागायचा. त्याआधीच दुसरी आज्ञा आली, तर त्या वेळी पुढे जी खिडकी असेल ती, म्हणजे धडा, डावीकडे जायची. मी भरभर लिहिणारी, म्हणून माझं चुकायचं. स्क्रिप्ट तर डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही आज्ञा देऊन मोकळी. काकाजींची सुपारी कातरून होईपर्यंत खिडकी येऊन बसलेली असायची. जगभरच्या लोकांसाठी लिहिलेल्या पानात एक पायरी कमी होती, आणि ती रिसालीतल्या एका पितळी अडकित्त्यात होती. दुसऱ्याच्या एका शब्दावरून परदेशात पत्र धाडणारा माणूस, त्याला स्वतःचा हात दिसला नव्हता. मला हसू आवरेना. मी हसले, आणि काकूही हसल्या.

काकाजी हसले नाहीत. त्यांनी अडकित्ता टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "प्लांटमधल्या कागदांत अशी किती सुपारी राहून गेली असन?"

काकूंनी मटारची परात बाजूला ठेवली. "तिथं दुसऱ्याच्या हातून करून घेत होते ना तुम्ही? मंग. हे पान आपलंच आपण पास केलं तुम्ही. घाई झाली तुमाले."

घाई कशाची, हे तिघांनाही माहीत होतं.

उपाय प्रोग्राममध्येच होता. अमुक खिडकी खरोखर उघडेपर्यंत थांब, अशी एक आज्ञा बनवणाऱ्यांनी कधीतरी केलेली होती आणि मॅन्युअलमध्ये लिहायचं विसरले होते. काकाजींनी ती शोधून काढली. तिच्यावर त्यांनी जे पान लिहिलं ते माझ्या हातून दोनदा करून घेतलं, एकदा सावकाश आणि एकदा मुद्दाम धसमुसळेपणाने. ते पान आजही त्या मॅन्युअलमध्ये आहे. मी अधूनमधून उघडून बघते. दरम्यान प्रोग्राम पुन्हा बदलला, आज्ञांची नावं पुन्हा बदलली, पण कुणीतरी त्या पानात नवी नावं घातलेली आहेत. वाक्यं तीच आहेत. काकूंचा वर्गही चालू आहे, अधेमधे काही अडलं तर त्या ते पान वाचतात.

मॅन्युअल पुरं झालं, एक कळ बसली, वर्ग पुन्हा भरायला लागला. दर रविवारी काकाजी काकूंच्या मागे कपाटाला टेकून उभे राहायचे, वर्ग संपेपर्यंत. मुलांना ते पडद्यावर दिसायचे. कुणीतरी विचारलं होतं, बाई, आजोबांना शिक्षा केली आहे का?

मग ते रायपूरला भरती झाले. नागपूरहून त्यांचा पुतण्या सोबतीला आला. ऑपरेशन सोमवारी होतं, आणि मधे रविवार येत होता. काकूंनी वर्गाला सुट्टी द्यायचं ठरवलं. काकाजींनी ऐकलं नाही. वर्ग घ्यायचा, सोमवारी सकाळच्या गाडीने यायचं. "माणूस ऑपरेशनले चालला, अन् याले ट्रायल पाहिजे," असं म्हणत काकूंनी भांडी आपटली. पण त्या थांबल्या. मला काकाजींनी बाजूला घेऊन सांगितलं, "तू मागं उभी राहजो. बोलू नको. ती मागं वळून पाहते का, तेवढं पाहजो. पाहिलं की समज, त्या पायरीत कागद कच्चा आहे. कोणती पायरी ते मले सांगजो."

रविवारी मी कपाटाला टेकून उभी राहिले. काकूंनी थरथरत्या बोटाने कळ दाबली. खिडकी उघडली, जागेवर गेली, शेजारी धडा आला. मुलं एकेक करून दिसायला लागली. एका मुलीने विचारलं, "बाई, आजोबा कुठे आहेत?" काकू म्हणाल्या, "गावाला गेलेत. तू वाच." मुलगी वाचायला लागली. काकूंनी जोडाक्षरं सुधारली, धडा पुढे नेला, एकाला ओरडल्या, दुसऱ्याला शाबासकी दिली. मुलं गेल्यावर शेवटची कळ दाबून सगळ्या खिडक्या बंद केल्या. पडदा रिकामा झाला. तेव्हा त्यांनी वळून मागे बघितलं. मग उठून कपडे भरायला आत गेल्या.

काकाजी त्या ऑपरेशनमधून परत आले नाहीत. त्यामुळे त्या रविवारच्या संध्याकाळचा फोन हे माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

"झाला वर्ग?"

"झाला. व्यवस्थित झाला."

"व्यवस्थित म्हंजे?"

मी पायरी पायरीने सांगितलं. ते हं, हं करत ऐकत होते.

"मागं पाहिलं तिनं?"

"एकदा पाहिलं."

"कोणत्या पायरीले?"

"कुठल्याच नाही. सगळं संपल्यावर. पडदा रिकामा झाल्यावर."

"काही अडलं होतं काय?"

"नाही काकाजी. काहीच अडलं नव्हतं."

तिकडे पुतण्या कुणाशी तरी हिंदीत बोलत होता, तेवढंच ऐकू येत होतं. मला वाटलं फोन कटला.

"मंग ते लिहिता नाही येत," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "तिले सांग, सकाळची गाडी नको म्हणा. आताच ये म्हणा."

मी फोन ठेवून वळले, तर काकू पिशवी घेऊन, चपला घालून दारात उभ्या होत्या.